दोन सुया आणि अर्धा तास



पहाटे अंगणात पाणी तापवायला चूल पेटवावी, तर धूर वर न जाता अंगणातच रेंगाळतो. तुरीची शेंग दोन बोटांत दाबून पाहिली, तर आत दाणा लागतो. कपाशीची दुसरी वेचणी चालू असते. एवढे झाले की आमच्याकडे थंडी आली असे धरतात. वडनेर भोलजी हे घाटाखालचे गाव. वर घाटावर, बुलढाण्याकडे, थंडी मुक्कामाला येते; आमच्याकडे ती पाहुणी म्हणून येते. दिवाळी गेली की दारात उभी राहते आणि होळीच्या आत निघून जाते. तेवढ्यातही तिचे दोन चेहरे. पहाटे चार वाजता दोन गोधड्या पुरत नाहीत आणि त्याच दिवशी दुपारी बारा वाजता रानात पदराने घाम पुसावा लागतो.

नांदुरा आणि मलकापूर यांच्या मध्ये, मोठ्या रस्त्याला लागून आपले गाव आहे. त्या रस्त्याला पूर्वी सहा नंबर होता, आता ५३ आहे. कापसाच्या गाठी लादलेले ट्रक रात्रभर जातात. आपल्या घाटाखालच्या काळ्या मातीतला कापूस किती हातांतून जातो आणि कुठे कुठे पोहोचतो, त्याचा हिशेब लावू म्हटले तर लागत नाही. पण तो पहिल्यांदा कोणाच्या हातात येतो ते आम्हांला पक्के ठाऊक आहे. तो आपल्या आयाबहिणींच्या हातात येतो. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी ओरबाडलेल्या त्या बोटांत या थंडीत दोन विणायच्या सुया याव्यात, असे आम्हांला वाटते. आजचे लिहिणे त्याबद्दल आहे.

हे बोलायला घेतले की पहिले उत्तर ठरलेले असते. ‘मले कुठला वेळ वं माय?’ हे उत्तर खोटे नाही. पहाटे उठून पाणी, भाकरी, पोरांची शाळा, सासूचे औषध. मग कमरेला ओटी बांधून रानात. किलोवर मजुरी असल्यामुळे हात थांबला की पैसा थांबला. संध्याकाळी परत तीच चूल. रविवार म्हणावा तर तो धुण्याचा, आणि बाजाराचा दिवस पिशव्या वाहण्याचा. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली देशभर पाहणी केली, माणसांचा दिवस कशाकशात जातो याची. घरकाम करणाऱ्या बायांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, म्हणजे पावणेपाच तासांच्या वर. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे ८८. लेकरे आणि म्हातारी माणसे सांभाळण्याचा वेळ यात धरलेला नाही, तो वेगळा. आणि या कामाला मजुरी नाही. तेव्हा वेळ नाही म्हणणारी बाई रडगाणे गात नाही, ती आकडा सांगते.

पण वेळ ही गोष्ट गरिबाला कोणी आपणहून दिलेली नाही, हेही आपल्याला माहीत असायला पाहिजे. मलकापूरच्या पलीकडे खानदेश लागतो. त्या खानदेशातल्या जिनिंगमध्ये हंगामात बाया पहाटेपासून रात्रीपर्यंत, आणि काम फार असले तर दिवसरात्र राबत. १८८४-८५ साली मुंबईत कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग बसला, त्याच्यापुढे ही हकीगत आली. मुंबईच्या गिरण्यांत तरी काय वेगळे होते? उजेड आहे तोवर काम, आणि आठवड्याची सुट्टी नाही. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते. त्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी मागितली. १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार बायांनीही भाषण केले. त्या काळी, एवढ्या गर्दीपुढे! जूनच्या १० तारखेला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. आज सरकारी साहेबसुद्धा रविवारी घरी बसतो, त्याला हे ठाऊक असेलच असे नाही.

पुढच्याच वर्षी, १८९१ च्या कारखाना कायद्यात, आठवड्याची सुट्टी आली आणि कारखान्यातल्या बायांच्या कामाला दिवसाला अकरा तासांची मर्यादा आली. अकरा तास ही मर्यादा! बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळीत होते. कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन १९४६ साली बारमाही कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. दिवसाला आठ तास काम हे आज आपण सहज बोलून जातो, त्यामागे हे सगळे आहे.

आता यातली मेख पाहा. हे कायदे कारखान्याच्या फाटकापर्यंत आले. कपाशीच्या धुऱ्यावर आले नाहीत आणि चुलीपाशी तर नाहीच नाही. रानातल्या बाईला आणि घरातल्या बाईला रविवार अजून मिळालेला नाही. तो कोणी कायद्याने देईल तेव्हा देईल. तोवर रोजचा अर्धा तास तरी तिने आपला म्हणून धरावा आणि घरच्यांनी तो मोडू नये, एवढेच आमचे मागणे आहे. त्या अर्ध्या तासात काय करायचे ते तिचे तिने ठरवावे. कोणी वाचील, कोणी नुसती उन्हात पाठ शेकत बसेल. पण हाताला सवय कामाची, रिकामा हात बाईला टोचतो. म्हणून आम्ही सुया सुचवतो.

अर्धा तास सापडतो कुठे? थंडीच्या दिवसांत तो रानातच सापडतो. दव पडलेला कापूस ओला वेचला तर भाव कमी येतो, म्हणून जाणता शेतकरी ऊन चढेपर्यंत थांबायला सांगतो. टेम्पोने आणून सोडलेल्या बाया तोवर धुऱ्यावर बसून राहतात. कोणी तंबाखू मळते, कोणी कालच्या भांडणाचा राहिलेला भाग पुरा करते. तिथे एखादीच्या डब्याच्या पिशवीत लोकरीचा गुंडा असला तर दव उतरेपर्यंत आठ-दहा ओळी होतात. दुपारच्या भाकरीनंतर बाभळीच्या सावलीत आणखी तीन-चार. संध्याकाळी चुलीवर काहीतरी उकडत असते, तिथेही हात मोकळाच असतो. वीज गेली तरी अडत नाही. दोन सुलट, दोन उलट हे बोटांना डोळ्यांशिवाय कळते. आमच्या ओळखीच्या एका आजीला मोतीबिंदू झाला होता, तरी तिची ओळ चुकत नसे.

आणि याच अर्ध्या तासांत थंडी आपला खाऊ घेऊन येते. आम्हांला तर वाटते की वर्षातले बाकीचे महिने गरिबाला विकत घ्यावे लागतात, हे दोन महिने तेवढे फुकट मिळतात. तुरीच्या हिरव्या शेंगा मीठ घालून उकडायच्या, टोपले मध्ये ठेवायचे आणि सगळ्या घराने भोवती बसून सोलायच्या. याला पक्वान्न म्हणत नाहीत, पण लहान पोर आणि म्हातारा माणूस एकाच टोपल्यातून खातात असे दुसरे काय आहे? त्याच शेंगांचे सोले काढले की वांग्यात घाला, भातात घाला, नाहीतर मिरची-लसणासोबत पाट्यावर भरडून आमटी करा. हरभऱ्याचे शेंडे खुडायचे दिवस तर आठ-पंधराच. शेंडे खुडले की झाडाला फांद्या फुटतात, म्हणून शेतकरीही नाही म्हणत नाही. खुडताना बोटांना आंबट खार लागते, ती चाटत चाटत पोरी घरी येतात. त्या कोवळ्या पाल्याचा कच्चा घोळाणा, कांदा, तिखट, थोडे तेल. आणि खाली ज्वारीची भाकरी. जानेवारीत घाटे भरले की टहाळ भाजून हुळा. हुरडा मात्र आमच्या भागात कमी झाला. कपाशी आणि सोयाबीनने ज्वारीला मागे सारले, मग हुरडा कुठून येणार? शहरातली माणसे हल्ली तिकीट काढून हुरडा खायला जातात असे ऐकतो. खाऊ द्या बिचाऱ्यांना.

भरताचे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्याकडे आणि तिकडे जळगावपर्यंत थंडीचे भरीत म्हणजे सणच. वांगी गॅसवर भाजली तर ते भरीत होते, नाही असे नाही. पण वाळलेल्या पऱ्हाट्या नाहीतर तुराट्या पेटवून त्यांच्या जाळात वांगी टाकली, साल काळी होऊन फुटली आणि आतला रस आगीवर चुरचुरला, म्हणजे जी चव येते ती वेगळीच. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी. यात सांगण्यासारखी गोष्ट अशी की भरीत रानात असले तर ते पुष्कळदा पुरुष करतात. वांगी भाजणे, ठेचणे, वाढणे, सगळे. जे हात रानात वांगे सोलू शकतात ते घरी भाकरी का थापू शकत नाहीत, हे आम्ही विचारत नाही. ज्याच्या त्याने विचारावे. आम्ही एवढेच म्हणतो की ज्या संध्याकाळी भरीत होते त्या संध्याकाळी बाईचा अर्धा तास आयताच निघतो. तिने उठून मदतीला जाऊ नये. बसावे आणि ओळ पुरी करावी.

आता विणण्याकडे येतो. कोणी म्हणेल, तयार स्वेटर स्वस्त मिळतो, मग हा उद्योग कशाला? खरे आहे. थंडीत शहरांतून तिबेटी विक्रेते ओळीने दुकाने मांडतात, आठवडी बाजारातही ढीग लागतात. लोकरीच्या पैशांत कधी कधी तयार स्वेटर येतो. म्हणून पैसे वाचतात असे सांगून आम्ही कोणाला भुलवणार नाही. जुना स्वेटर उसवून केले तर मात्र वाचतात. शिवण कापायची, धागा ओढत खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लच्छी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात धुऊन खाली थोडे वजन लावून सावलीत वाळत घालायची. धाग्याचे वळ बरेचसे जातात. मोठ्या भावाचा स्वेटर असा लहान बहिणीच्या अंगावर येतो.

बाकी विणण्याचा खरा फायदा आम्हांला दुसराच दिसतो. स्वयंपाक केला की तो खाऊन संपतो. धुतले ते मळते, सारवले ते उखडते, वेचलेला कापूस काट्यावर चढतो आणि आपला राहत नाही. बाईचे दिवसभराचे काम संध्याकाळी दाखवू म्हटले तर दाखवता येत नाही. विणकाम मात्र जागच्या जागी राहते. काल चार बोटे होते, आज सहा बोटे झाले. आठवडा गेला कुठे, तर हा इथे आहे, हातात धरून दाखवता येतो. दिवसभर दुसऱ्याच्या रानात, दुसऱ्याच्या काट्यावर राबणाऱ्या माणसाला याची किंमत कळते.

आणि विणणे हे बायांचेच काम, असेही कोणी समजू नये. युरोपात विणकऱ्यांचे संघ होते ते पुरुषांचे. फ्रान्सच्या दक्षिणेला लांद नावाचा दलदलीचा मुलूख होता, तिथले मेंढपाळ उंच काठ्यांच्या पायांवर उभे राहून मेंढ्या राखत आणि राखता राखता विणत. आपल्याकडचे धनगर बांधवही मेंढरांमागे चालता चालता लोकर कातत आलेले आहेत. तेव्हा घरातल्या पोराने सुया मागितल्या तर त्याला हसू नका, द्या. आणखी एक गंमत. जगात जे अतिशय जुने विणलेले कपडे सापडले आहेत ते इजिप्तमधले मोजे आहेत, सहाशे ते हजार वर्षांपूर्वीचे. आणि ते लोकरीचे नाहीत. सुती आहेत! पांढऱ्या आणि निळीने रंगवलेल्या निळ्या सुताचे. म्हणजे विणकामाच्या सुरुवातीला कापूसच होता. आपण कापूस पिकवणारी माणसे लोकर मागायला जातो. घाटाखालच्या थंडीला खरे तर जाड सुती धाग्याची बंडीसुद्धा पुष्कळ झाली. धागा मिळाला तर करून पाहावी.

बाजारात लोकर म्हणून जे मिळते ते बहुतेक ॲक्रिलिक असते. ते स्वस्त, रंगाला पक्के आणि धुवायला सोपे, म्हणून आम्ही त्याला नावे ठेवत नाही. पण एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत असली पाहिजे. खरी लोकर सहजासहजी पेट घेत नाही. ॲक्रिलिक पेट घेते, वितळते आणि कातडीला चिकटते. थंडीत लेकरे शेकोटीच्या अगदी कडेला बसतात. पऱ्हाट्यांच्या ठिणग्या उडतात. तेव्हा ॲक्रिलिकचा स्वेटर घातलेल्या लेकराला जाळापासून दोन हात लांब बसवा, आणि मफलरचे लोंबते टोक आत खोचा. चुलीपाशी काम करताना स्वतःच्या अंगावरचेही तसेच.

बोटांचेही सांगतो. वेचणीच्या दिवसांत बोटे इतकी खरखरीत होतात की धागा त्यांना अडकतो आणि पदर सुटतात. विणायला बसण्याआधी खोबरेल नाहीतर जवसाचे तेल चोळावे, हात फडक्याला पुसावा आणि मग गुंडा घ्यावा. रात्री झोपतानाही तेच करावे. यात लोकरीची सोय झाली आणि बोटांचीही झाली. हातांना तेल लावायला पाच मिनिटे बसणे ही चैन आहे असे काही घरांत समजतात. ती चैन नाही. त्या हातांवर घर चालते.

शिकायला सोपे आणि आठवड्यात पुरे होईल असे म्हणजे तान्ह्या बाळाचे टोपरे. मध्यम जाडीच्या लोकरीचा ५० ग्रॅमचा एक गुंडा आणि १० नंबरच्या सुया घ्या. ७२ टाके घाला. प्रत्येक ओळ दोन सुलट, दोन उलट अशी विणत जा. परत येताना समोर जसा टाका दिसतो तसाच विणायचा, म्हणजे उभ्या पट्ट्या पडतात आणि विण रबरासारखी ताणते. बाळाचे डोके वाढले तरी टोपरे पुढच्या महिन्यातही बसते ते यामुळेच. १७ सेंटिमीटर झाले की पुढच्या ओळीत सगळीकडे दोन-दोन टाके एकत्र विणा, ३६ राहतील. एक ओळ साधी. पुन्हा दोन-दोन एकत्र, १८ राहतील. धागा वीतभर ठेवून कापा, मोठ्या सुईने त्या अठरा टाक्यांतून ओवून घट्ट ओढा, गाठ मारा आणि त्याच धाग्याने बाजूची शिवण घाला. खालची चार बोटे वर दुमडा. सरावलेल्या हाताला एका ओळीला तीनेक मिनिटे लागतात आणि ओळी पन्नासच्या आसपास होतात. हिशेब करा. रोज अर्धा तास धरला तर सहा दिवसांत टोपरे तयार, सातव्या दिवशी आंघोळीनंतर बाळाच्या डोक्यावर. वस्तीत या थंडीत कोणाकडे तरी पाळणा हलणारच आहे. विकत आणलेल्या बाळंतविड्यापेक्षा त्या टोपऱ्याचे कौतुक जास्त होते, हे आम्ही पाहिलेले आहे.

पण या वर्षी पहिला गुंडा बाळासाठी उघडू नका, असे आमचे म्हणणे आहे.

सांगतो का ते. दर थंडीत आम्ही पाहतो, विणणारी बाई धाकट्यासाठी विणते, मग नवऱ्यासाठी मफलर, कारण शेतीची वीज रात्रीची आली की हरभऱ्याला पाणी द्यायला त्याला रात्री जावे लागते, ते खरेच आहे. मग भाचीसाठी, मग नणंदेच्या नातवासाठी. फेब्रुवारी येतो आणि लोकर संपते. ती स्वतः मात्र पहाटे उघड्या टेम्पोत कशी बसलेली असते? साडीवर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला गुंडाळलेला पदर, कान उघडे. तो शर्ट काट्यांपासून वाचवतो, वाऱ्यापासून वाचवत नाही. घरातल्या प्रत्येकाच्या अंगावर तिच्या हातचे काहीतरी असते, एकट्या तिच्याच अंगावर नसते. कोणी तिला नको म्हणत नाही. विचार एवढाच की ‘माझे काय, माझे होईल नंतर.’ त्या नंतरची थंडी काही येत नाही.

म्हणून पहिले विणकाम स्वतःच्या कानांसाठी. टोपऱ्याहूनही सोपे आहे. ४४ टाके घाला आणि सगळ्या ओळी, जाताना आणि येताना, सुलटच विणा. उलट टाका शिकायचीही गरज नाही. अशा विणीच्या कडा गुंडाळल्या जात नाहीत, म्हणून नवशिकीने याच्यानेच सुरुवात करावी. डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली एक वेढा बसेल एवढी लांबी झाली की टाके बंद करा. दीडशे ते दोनशे ग्रॅम लोकर लागते. एका आठवड्यात होणार नाही, तीन लागतील. लागू द्या. रंग आपल्या आवडीचा घ्या, मळखाऊ म्हणून राखाडी घेऊ नका.

घरात कोणी विचारले, हे कोणासाठी चालले आहे, तर सरळ सांगा, माझ्यासाठी. एखादा हसेल. सासूबाई म्हणतील, ‘पोराले नाही केलं तं काहून?’ त्यांनाही सांगा की पोराचे पुढचे आहे, आणि जमले तर त्यांच्याच हातात दुसऱ्या सुया द्या. पुष्कळ जुन्या बायांना विणता येते. वर्षानुवर्षे कोणी विचारलेले नसते.

वेचणी आता फार दिवस चालायची नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली तेव्हापासून फरदड ठेवू नका असे शेतकऱ्यांना दर वर्षी सांगतात, त्यामुळे जाणते शेतकरी जानेवारीच्या आत पऱ्हाटी उपटतात. मग मजुरीचे दिवस कमी होतील, तो घोर वेगळा आहेच. पण दवाची वाट पाहत धुऱ्यावर बसायचे पंधरा-वीस दिवस अजून हातात आहेत, बोरी पिकल्या आहेत आणि तुरी उभ्या आहेत. येत्या बाजाराला मिरच्या-लसणाच्या पिशवीत एक गुंडा आणि १० नंबरच्या दोन सुया आणाव्यात. पहिल्या वीसेक ओळी वाकड्यातिकड्या होतील, त्या उसवत बसू नका, गुंडाळल्यावर आतल्या बाजूला जातात. टाका सुईवरून निसटला तर तो कसा उचलायचा, आणि मधेच धागा संपला तर गाठ न दिसता नवा कसा जोडायचा, हे पुढच्या आठवड्यात सांगू.